ग्रीक पुराणांवरचं आरपीजी पुस्तक निवडायचंय? एकच सीन प्रत्येक पुस्तकात खेळून बघा

ग्रीक देव, बेटं, जहाजं, सापाच्या केसांची मेडुसा, हे सगळं आपल्या टेबलावर आणायचं असं एकदा डोक्यात बसलं की माणूस आरपीजीची, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायच्या खेळाची, पुस्तकं शोधायला लागतो, आणि कव्हरं बघून गोंधळतो कारण सगळ्यांच्या कव्हरवर भाला, ढाल आणि वीज आहेच. माझंही तेच झालं होतं. पहिलं पुस्तक मी तीन महिने पैसे साठवून ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवलं, बॉक्स उघडला तर ते सेटिंगचं, म्हणजे नुसतं जग देणारं, पुस्तक नव्हतंच, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बांधलेली एक कथा होती, आणि त्या विक्रेत्यानं वर्णनात नुसतं 'ग्रीक सोर्सबुक' एवढंच टाकलेलं. पुस्तक वाईट अजिबात नाही, फार सुंदर आहे, पण मला माझी बेटं बनवायची होती आणि त्यात दुसऱ्यानं बनवलेली बेटं होती. आठ महिने कपाटात पडून होतं ते.

आपल्या सोलापुरात ही पुस्तकं दुकानात उभं राहून चाळून बघायची सोय नाही, म्हणून घ्यायच्या आधीच नीट तुलना करावी लागते. गेल्या काही वर्षांत आमच्या ग्रुपनं, म्हणजे मी आणि पाचजण, यातली बरीच पुस्तकं टेबलावर खेळून बघितली. त्यातून तुलना करायची जी पद्धत बसली ती इथं सांगते. तुम्ही सोलापूरचे असा नाहीतर सांगलीचे, पद्धत तीच लागू पडते.

पायरी १: पुस्तकाची जात ओळखा

ही पुस्तकं मुळात चार जातींची असतात आणि त्या जाती मिसळून तुलना केली की सगळं चुकतं.

पहिली जात सेटिंगचं सोर्सबुक. यात जग, देव, शहरं, राक्षस आणि कॅरेक्टर बनवायचे पर्याय मिळतात, कथा तुमची तुम्ही रचायची. मिथिक ओडिसीज ऑफ थेरॉस हे त्याचं ठळक उदाहरण, २०२० साली डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या आरपीजीच्या पाचव्या आवृत्तीसाठी आलं, २५६ पानं. लक्षात ठेवा, हे एकटं चालत नाही, मूळ नियम वेगळे लागतात. आणि हे थेट ग्रीस नाहीये. मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात २०१३ साली थेरॉस नावाचं जग आलं, त्या जगाचं हे पुस्तक. झ्यूस यात सापडणार नाही, हेलिओड सापडेल. पोसायडनच्या जागी थासा आहे, हेफेस्टसच्या जागी पर्फोरॉस.

दुसरी जात कॅम्पेन, म्हणजे तयार लांबलचक कथा. ओडिसी ऑफ द ड्रॅगनलॉर्ड्स यातलं. जेम्स ओलेन आणि जेसी स्काय या दोघांनी लिहिलंय, दोघंही आधी व्हिडिओ गेम बनवणारे, ओलेन तर बाल्डर्स गेटचा मुख्य डिझायनर होता, आणि २०१९ मधे किकस्टार्टरवर पैसे उभे करून हे काढलं. थायलिया नावाचं जग, कॅरेक्टरचा लेव्हल १ पासून १५ पर्यंतचा प्रवास, समोर सिडॉन आणि लुथेरिया हे दोन टायटन (देवांच्याही आधीची दैवतं), आणि ५०० वर्षांचा शांतीचा करार आता संपत आलाय. माझ्या कपाटात पडून होतं ते हेच.

तिसरी जात स्वतंत्र गेम, ज्याला दुसरं कुठलंच पुस्तक लागत नाही. अ‍ॅगॉन आणि मेझेस अँड मिनोटॉर्स ही दोन नावं धरा. अ‍ॅगॉन जॉन हार्परचा, पहिली आवृत्ती २००६ ची, आणि २०२० मधे शॉन निटनरला बरोबर घेऊन पूर्ण नव्यानं लिहिलेली दुसरी आवृत्ती आली. घ्यायची ती दुसरीच. मेझेस अँड मिनोटॉर्स ऑलिव्हिए लग्रां या फ्रेंच माणसाचा, आणि तो पूर्ण फुकट आहे, पीडीएफ उतरवायची आणि खेळायला बसायचं. कल्पना अशी की जगातला पहिला रोलप्लेइंग गेम ग्रीक पुराणांवर निघाला असता तर तो कसा दिसला असता.

चौथी जात माहितीची जुनी पुस्तकं. जॉन झायग्लरचं गर्प्स ग्रीस १९९५ चं, टीएसआर या प्रकाशकाचं एज ऑफ हीरोज १९९४ चं, ग्रीन रोनिन या प्रकाशकाचं ट्रोजन वॉर २००४ चं. यातले नियम आज कुणी खेळत असेल-नसेल, पण माहिती शिळी होत नाही. जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, बाजूला ठेवायची ही पुस्तकं.

म्हणजे कुणी विचारलं की थेरॉस चांगलं की अ‍ॅगॉन, तर ते मळलेली कणीक चांगली की भाजलेली भाकरी असं विचारण्यासारखं आहे. आधी जात ठरवा, मग त्या जातीत तुलना करा, आणि जातीबाहेर तुलना करायचीच असेल तर पुढच्या पायरीवरच्या प्रश्नानं करा.

पायरी २: देव टेबलावर येऊन काय करतात ते शोधा

माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे. बाकी राक्षसांची चित्रं किती, नकाशे किती, कॅरेक्टरचे पर्याय किती, हे सगळं नंतर. ग्रीक कथेतून देव काढले तर उरतात फक्त भाले आणि बकऱ्या. प्रत्येक पुस्तकात देवांसाठी काहीतरी यंत्रणा केलेली असते, ती शोधा आणि ती खेळताना नेमकी कधी हलते ते बघा.

थेरॉसमधे तिचं नाव पायटी, म्हणजे भक्तीचा आकडा. तुमच्या कॅरेक्टरनं १५ देवांपैकी एक निवडला की आकडा १ पासून सुरू होतो, देवाच्या मनासारखं वागलं की वाढतो, उलट वागलं की घटतो, आणि ३, १०, २५, ५० या टप्प्यांवर देव काहीतरी देतो. कशानं वाढणार आणि कशानं घटणार याची यादी प्रत्येक देवाच्या पानावर दिलीय. ही यंत्रणा आपल्या लोकांना पटकन कळते. का ते सांगते. आपण पुराणं ऐकत मोठे झालोय, राक्षसानं तप केलं की देवाला वर द्यावाच लागतो हे आपल्या अंगात मुरलंय, आणि पायटी म्हणजे बऱ्यापैकी तोच हिशोब. माझी मावसबहीण पहिल्याच सेशनला म्हणाली, "म्हणजे पुण्याचं पासबुक." बरोबर बोलली.

पण मूळ ग्रीक कथांत देव असे हिशोबानं वागत नाहीत हो. तिथं यज्ञात बळी द्यायचा, हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळायची आणि मांस माणसांनी वाटून खायचं, म्हणजे देवाण-घेवाण आहे, पण देव उपकार फेडेलच याची खात्री नाही. देवाला बांधून ठेवते ती स्टिक्स नदीची शपथ, आणि ती शपथ घेऊन दिलेला वर माणसालाच जाळतो. सेमेलीनं झ्यूसकडं मागितलं की खऱ्या रूपात दिस, तो दिसला, आणि ती जळून गेली. म्हणून तुम्हाला ही बेभरवशाची भीती टेबलावर हवी असेल तर पायटी थोडी जास्तच स्वच्छ आहे असं मला वाटतं.

अ‍ॅगॉनमधे देव वेगळ्या पद्धतीनं हलतात. नायक युद्ध संपवून घरी चाललेत आणि वाटेत एकेक बेट लागतं. बेटावर पाय ठेवायच्या आधी देवांची चिन्हं दिसतात, त्यांचा अर्थ प्लेयरनी लावायचा. बेटावरून निघताना टेबलावर सगळ्यांनी मिळून ठरवायचं की कुठला देव खूश झाला आणि कुठला चिडला. खूश देवाच्या नक्षत्रात खूण होते, चिडलेल्याचा राग पुढं सोबत येतो, आणि नक्षत्रं भरत गेली की घर जवळ येतं. वाचताना साधं वाटतं, पण यात देवांना काय हवं होतं यावरून प्लेयरच एकमेकांत भांडतात. आमच्यात एकदा पाऊण तास यावरच वाद झाला की गाव वाचवलं म्हणून अथेना खूश असेल का देऊळ जळू दिलं म्हणून नाराज. तो पाऊण तास त्या सेशनमधला सगळ्यात ग्रीक भाग होता.

ड्रॅगनलॉर्ड्समधे देव आणि टायटन कथेतली पात्रं आहेत, त्यांच्याशी बोलायला मिळतं, भांडायला मिळतं. त्याची खरी ताकद एपिक पाथमधे आहे, असे आठ आहेत, कुणी देवाचं लेकरू, कुणी शापित, कुणी मरण लिहून आलेला, आणि प्रत्येक प्लेयरचा पाथ मोठ्या कथेत विणलेला असतो. पाहुणचार, शपथ, कीर्ती यांनाही खेळात वजन दिलंय. कथा दुसऱ्याची आहे हे एकदा मान्य केलं तर हे पुस्तक फार प्रेमानं बनवलंय. मी ते मान्य करायला आठ महिने घेतले एवढंच.

मेझेस अँड मिनोटॉर्समधे देव पुजाऱ्याच्या मंत्रांपुरते आणि गोष्टीपुरते. त्यात मजा चक्रव्यूह आणि राक्षसांची आहे. सहावी-सातवीतली मुलं घेऊन बसणार असाल तर दुसरं काही बघूच नका.

पायरी ३: एकच सीन घ्या आणि प्रत्येक पुस्तकात खेळा

ही पायरी कुणी करत नाही आणि हीच सगळ्यात उपयोगाची आहे. पुस्तक वाचून कळत नाही, खेळून कळतं, पण चार पुस्तकांची चार कॅम्पेनं खेळायला कुणाकडं वेळ आहे. म्हणून एक सीन ठरवा, तासाभरात संपणारा, आणि तोच सगळ्या पुस्तकांच्या नियमात चालवा. पीडीएफचे फुकट नमुने आणि फुकट नियम एवढ्यावर पण हे बऱ्यापैकी जमतं. डी अँड डी पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम तर २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समधे खुले आहेत.

सीन असा निवडा की ज्यात देव आहे, माज आहे आणि तलवारीनं न सुटणारी एक अडचण आहे. मी निवडला अराख्नीचा. ओव्हिड या रोमन कवीनं ही गोष्ट सांगितलीय, लिडिया भागातली एक पोरगी, बाप लोकर रंगवणारा, आणि ती विणायची इतकं सुंदर की लोक म्हणायचे ही अथेना देवीकडून शिकली, तर हिला त्याचाच राग. देवी म्हातारीचं रूप घेऊन आली, समजावलं, पोरीनं ऐकलं नाही. मग दोघींची स्पर्धा. पोरीनं देवांचीच पापं कापडावर विणली आणि त्यात एक दोष सापडेना. देवीनं ते कापड टरकावलं आणि हातातल्या धोट्यानं, म्हणजे आडवा धागा ओवायच्या साधनानं, तिच्या कपाळावर मारलं. पोरगी गळफास घ्यायला गेली तेव्हा देवीनं तिचा कोळी केला.

आता हे सोलापुरात खेळताना काय होतं बघा. मे महिना, गच्चीवर रात्री साडेनऊला बसलो होतो, लाइट गेलेली, मधे एक चार्जिंगचा दिवा आणि ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मी वर्णन करतेय की खोलीत माग आहे, पोरगी विणतेय. आमच्यातल्या एका मित्राच्या घरी पूर्व भागात मागाचा धंदा होता, तो मधेच थांबवून म्हणाला, "कसला माग? बसून विणतीय का उभं राहून?" मला उत्तर माहीत होतं ते गर्प्स ग्रीसच्या नादानं बाकी वाचन केलं होतं म्हणून. ग्रीक माग उभा असतो, ताण्याचे धागे वरच्या आडव्या दांडीला बांधलेले आणि खाली त्यांना मातीची वजनं लटकवलेली, विणकाम वरून सुरू होतं आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, वरच्या बाजूला ठोकत जायचा. तो दोन मिनिटं गप्प बसला, हातानं हवेत करून बघितलं, म्हणाला, "म्हणजे दिवसभर हात वर. खांदे जात असतील की तिचे." आणि मग मी धोट्याचं सांगितलं तेव्हा त्याचा चेहराच बदलला, कारण मागावरचा धोटा उडून लागतो म्हणजे काय ते त्याच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या काकाच्या भुवईवर ती खूण आहे. त्या क्षणानंतर टेबलावर कुणीच अराख्नीला 'मॉन्स्टर' म्हणलं नाही.

तर हा सीन प्रत्येक पुस्तकात कसा गेला ते सांगते.

थेरॉसमधे स्पर्धेचा भाग सपाट गेला. विणकामाच्या अवजारांचं कौशल्य आहे का बघा, वीस तोंडांचा फासा टाका, जीएमही टाकणार, संपलं. चार प्लेयर बघत बसले कारण विणणारी एकच. पण त्याच्या आधी आणि नंतर जे झालं ते भारी होतं. एकाची देवी एफारा, म्हणजे शहराची आणि विद्येची, त्यानं पोरीला गप्प बसायला सांगितलं आणि त्याची पायटी वाढली. दुसरीचा देव फिनॅक्स, म्हणजे कपटाचा, तिनं पोरीला फूस लावली आणि तिचीही वाढली. दोघं एकाच खोलीत, दोघांचे देव खूश, आणि पोरगी मधे मरतेय. शेवटी कोळी झाल्यावर लढाई झाली तिथं थेरॉसचे मिथिक राक्षस कामी आले, म्हणजे राक्षस एकदा मेला असं वाटतं आणि तिथून त्याचं दुसरं रूप सुरू होतं. अरास्ता नावाची कोळ्यांची राणी तर पुस्तकात तयारच आहे.

अ‍ॅगॉनमधे उलटं. लढाई झालीच नाही. स्पर्धा हाच खेळ, कारण अ‍ॅगॉनमधे नायकाकडं नावाचा एक फासा, बिरुदाचा एक, आणि चार क्षेत्रांपैकी ज्यात सामना आहे त्या क्षेत्राचा एक असे फासे असतात, सगळे टाकून सगळ्यात मोठे दोन आकडे मिळवायचे. कारागिरी आणि बुद्धी हे एक क्षेत्रच आहे. विणायला सगळेच बसले! फासा टाकायच्या आधी प्रत्येकानं आपल्या नायकाचं नाव, बिरुद आणि कुळ मोठ्यानं बोलायचं असा नियम, आणि मराठीत हे इतकं छान उतरतं, मावसबहीण उठून उभीच राहिली आणि म्हणाली "मी तीक्ष्ण नजरेची, मच्छीमाराची लेक, अथेनाची लाडकी" आणि गच्चीवर शेजारच्या काकू डोकावून बघायला लागल्या. जिंकणाऱ्याला कीर्ती, हरणाऱ्याला त्रास, आणि हरलेल्यानं आपण कसे हरलो ते आधी सांगायचं, सगळ्यात भारी ठरला त्यानं शेवटी. वीस मिनिटांत सीन पूर्ण. पण पोरीचं पुढं काय झालं, ती कोळी झाल्यावर काय, याला अ‍ॅगॉनकडं जागा कमी, बोट पुढं निघते.

ड्रॅगनलॉर्ड्समधे हा सीन मुळात बसवावा लागला, कारण कथेचे रूळ ठरलेले आहेत. शापित पाथवाल्या प्लेयरच्या घराण्यातली ही पोरगी असं मी केलं, आणि चाललं. तरी सांगते, या पुस्तकात स्वतःचे सीन घुसवायचे तर पुढची चार प्रकरणं वाचून मगच घुसवा, नाहीतर कुठंतरी गाठ पडते.

मेझेस अँड मिनोटॉर्समधे पाच मिनिटांत कॅरेक्टर, सहा गुण, त्यात नशीब हा पण एक गुण, एक फासा, आणि लगेच कोळ्याच्या गुहेत. हसत-खेळत गेलं. गर्प्स ग्रीसमधे सीन खेळला नाही, त्याच्या माहितीवर सीन उभा केला, आणि वर सांगितलेला तो 'कसला माग' प्रश्न आला तेव्हा कळलं की असं एक पुस्तक बाजूला हवंच.

तुम्ही अराख्नीच घ्यावी असं नाही. दारात आलेला अनोळखी म्हातारा हा सीनही उत्तम, कारण ग्रीकांत पाहुण्याचा रखवालदार खुद्द झ्यूस, आणि आपल्याकडं अतिथी देव, प्लेयरना समजवावं लागत नाही. फक्त एकदा ठरवलेला सीन बदलायचा नाही, नाहीतर तुलना कसली.

पायरी ४: आपल्या टेबलाचा हिशोब

इथं पटपट सांगते. तीन किंवा चार जण, कधी जमतात कधी नाही, असं असेल तर अ‍ॅगॉन, कारण एक बेट एक-दोन सेशनमधे संपतं आणि पुढच्या वेळी कोण नसलं तरी अडत नाही. जीएमची तयारी पण कमी, बेट थोड्या पानांचं असतं, संध्याकाळी वाचलं की रात्री चालवता येतं. पाच जण पक्के, दर रविवारी, दोन वर्षं, असं भाग्य असेल तर ड्रॅगनलॉर्ड्स. आधीपासून डी अँड डी खेळताय आणि फक्त रंग बदलायचाय तर थेरॉस. आम्ही रविवारी दुपारी बसायचो, उन्हाळ्यात शक्य नाही म्हणून रात्री गच्ची, आणि ज्या दिवशी पाणी येणार त्या दिवशी सेशन ठेवायचंच नाही, निम्मे लोक टाक्या भरत बसतात.

एक गोष्ट मात्र घाई न करता करा. ग्रीक कथांत बायकांवर जबरदस्तीच्या गोष्टी पावलोपावली आहेत, देवच करतात. पहिल्या सेशनच्या आधी सगळ्यांनी बसून ठरवा की टेबलावर काय येणार नाही. आम्ही ते कागदावर लिहून डब्यात ठेवलंय, फाशांबरोबर.

पायरी ५: शब्द आधी मराठीत बसवा

पुस्तकं इंग्रजीत, टेबल मराठीत, आमच्याकडं तर मधेमधे कन्नड आणि तेलुगूही. मी प्रत्येक पुस्तकातले दहा-बारा मोठे शब्द काढून त्यांना आपले शब्द लावते आणि ही यादी करतानाच पुस्तक किती खोल आहे ते कळतं. ह्युब्रिस म्हणजे माज, दुसरा शब्दच नको. क्लेऑस म्हणजे कीर्ती, लोकांच्या तोंडी राहिलेलं नाव. मोइरा याला लोक नशीब म्हणून सोडून देतात पण मूळ अर्थ वाटा, हिस्सा, म्हणजे 'वाट्याला आलेलं'. आपण बोलतोच की, तिच्या वाट्याला हेच आलं. ते काम तीन बहिणींचं, क्लोथो सूत कातते, लॅखेसिस मापते, अ‍ॅट्रोपॉस कापते, आणि थेरॉसमधली क्लोथिस ही देवी त्या पहिलीच्या नावावरून आलेली दिसते. शब्द लावताना एकच सांभाळा, झ्यूसचा इंद्र करू नका. दोघांकडं वज्र आणि वीज असली तरी इंद्राची गादी तपानं डळमळते, झ्यूसची तशी डळमळत नाही, आणि प्लेयर मग चुकीच्या अपेक्षेनं तपाला बसतात.

शहराचा देव म्हणजे काय हे समजवायला मात्र मला गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, उपयोगी पडला. संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना फेरी होते, अक्षता पडतात, अख्खं शहर रस्त्यावर असतं. अथेन्समधे पॅनाथेनाया नावाचा उत्सव होता, त्यात अथेनासाठी बायकांनी विणलेलं वस्त्र मिरवणुकीनं अ‍ॅक्रोपोलिसवर न्यायचे, आणि पुढच्या काळात मोठ्या उत्सवात ते गाड्यावरच्या जहाजाला शिडासारखं लावून न्यायचे. विणकरांच्या गावात, जिथं नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तिथं हे सांगितलं की पुढं काही बोलावं लागत नाही. थेरॉसमधली अक्रॉस, मेलेटिस, सेटेस्सा ही शहरं चालवताना प्रत्येकाला असा एक उत्सव द्या, पुस्तकात उत्सवांची माहिती आहे, पण गर्दीचा वास तुम्हीच घालायचा.

पायरी ६: घ्यायचं कसं आणि मिसळायचं कसं

आधी पीडीएफ घ्या. छापील पुस्तक बाहेरून मागवलं की पाठवणी आणि कर धरून किंमत फार वाढते, आणि कोपरे दुमडून येतात ते वेगळंच. पीडीएफमधली लागणारी तीस-चाळीस पानं नवी पेठेत कुठंही स्पायरल करून मिळतात. मागवताना आवृत्ती दोनदा वाचा, अ‍ॅगॉनची दुसरी, आणि थेरॉस पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांवर लिहिलेलं आहे, तुमच्याकडं २०२४ चं नवीन प्लेयर्स हँडबुक असेल तर कॅरेक्टरच्या काही गोष्टी जीएमनं बसून जुळवाव्या लागतील. आणि वर्णनात 'अ‍ॅडव्हेंचर' किंवा लेव्हलचे आकडे दिसले की ते कॅम्पेन आहे हे समजा. मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मिसळायचं असेल तर एक जोड मी आग्रहानं सांगेन, नियम अ‍ॅगॉनचे, शेवटचा 'कुठला देव खूश' हा वाद अ‍ॅगॉनचा, आणि बेटावरची घरं, जेवण, माग, भांडी गर्प्स ग्रीसमधून. थेरॉस खेळणाऱ्यांनी पायटी ठेवा पण सेशनच्या शेवटी आकडा तुम्ही एकट्यानं देऊ नका, टेबलाला विचारा की देव खूश आहे का. एवढा एकच बदल केला तरी पासबुकाचा कोरडेपणा जातो. ड्रॅगनलॉर्ड्सचे एपिक पाथ उचलून थेरॉसमधे लावले तर फार छान बसतात, दोन्ही पाचव्या आवृत्तीचेच. उलटं मात्र करू नका, थेरॉसचे १५ देव थायलियात ओतले की कुणाचंच ऐकू येत नाही.

आमचं कपाटातलं पुस्तक आता बाहेर आलंय. मागाच्या घरातल्या त्या मित्रानं शापित पाथ घेतलाय, त्याच्या कॅरेक्टरच्या कपाळावर धोट्याची खूण आहे, आणि पुढच्या रविवारी लेव्हल ४. पाण्याचा दिवस शनिवारी आहे, बघून घेतलंय.